अकरा मिनिटांची साक्ष

मनापासून मागितलेली क्षमा देव कधीही नाकारत नाही. नांदेडात देगलूर नाक्याच्या पलीकडे, भंगार वेचणाऱ्यांच्या वस्तीत, पत्र्याचं एक प्रार्थनागृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे. पेंटरनं लिहिताना खिडकीचा विचार केला नव्हता. खिडकी उघडली की तिचं दार भिंतीला टेकतं आणि नेमका 'क्षमा' हा शब्द झाकला जातो. नांदेडात वर्षातले दहा महिने खिडकी उघडीच ठेवावी लागते. त्यामुळे मनापासून मागितलेली कुठलीही गोष्ट देव नाकारत नाही, अशी वस्तीची समजूत झाली होती आणि लोक रेशनकार्ड, घरकुल, सरकारी दवाखान्यातली खाट अशा गोष्टी घेऊन येत. पास्टर रविकांत कोणाला परत पाठवत नसत. ते उदगीरकडचे, हाडानं किरकोळ, आवाजानं मोठे. ते अर्ज लिहून देत, रांगेत उभे राहत, आणि गुरुवारी खिचडी घालत.

व्यंकटी मात्र क्षमेसाठीच आला होता, आणि ती त्याला आठ वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, रीतसर मिळाली होती. देवाकडून काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते लातूरला, त्याच्या धाकट्या भावापाशी.

गुरुवारचा क्रम ठरलेला होता. आधी गाणी, मग व्यंकटीची साक्ष, मग प्रार्थना, मग खिचडी. साक्ष म्हणजे आपण काय होतो आणि देवानं आपलं काय केलं, ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. व्यंकटीची साक्ष अकरा मिनिटांची होती. आठ वर्षं दर गुरुवारी सांगून तिला असं वळण पडलं होतं की केवळाबाई त्यावर खिचडी शिजवत. केवळाबाई या वस्तीतल्याच, पूर्वी प्लास्टिक वेचायच्या, आता देवाचं पातेलं सांभाळायच्या. व्यंकटी टेम्पोच्या फाळक्यापाशी आला की त्या मीठ टाकत. सरकारी दवाखान्यापाशी आला की जाळ कमी करत. तो रडला की झाकण.

साक्ष अशी होती. व्यंकटी देगलूरचा, बँडवाल्यांच्या घरचा. तो साइड ड्रम वाजवायचा आणि धाकटा भाऊ पंढरी क्लार्नेट. पंढरीचं क्लार्नेट असं की मुखेड-बिलोलीपासून पार तिकडं बोधनपर्यंत लोक लग्नाची तारीख काढण्याआधी पंढरी मोकळा आहे का, ते विचारायचे. व्यंकटीला दारू लागली. दारूनं त्याचं डोकं फिरवलं, डोळे आंधळे केले. तेरा वर्षांपूर्वी मुखेडच्या एका लग्नात वरात संपली, सामान टेम्पोत चढलं, आणि नशेत धुंद असलेल्या व्यंकटीनं टेम्पोचा मागचा लोखंडी फाळका धाडकन लावला. पंढरीचा उजवा हात मधे होता. चार बोटं गेली. म्हणजे जागेवर राहिली, पण वळायची बंद झाली. क्लार्नेटला बोटं लागतात. मग दवाखाना, मग भावाचं तोंड फिरवणं, मग आणखी दारू, मग नांदेड स्टेशनसमोरची फरशी, मग एका गुरुवारी खिचडीचा वास. इथं लोक हसायचे. मग देव.

ऐकणाऱ्यांत निम्मे पिऊनच बसलेले असत. तेही रडत. आपल्या हातून जे झालं ते आपण केलं नाही, बाटलीनं केलं, हे कुणीतरी इतक्या ठामपणे सांगितलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. केवळाबाईंच्या नवऱ्यानं एका संध्याकाळी लेकीच्या कानाखाली अशी दिली होती की पोरगी त्या कानानं कायमची बहिरी झाली. नवरा पुढं लिव्हर फुगून मेला. मेल्यावरही बाई त्याला रोज शिव्या घालायच्या, अगदी नेमानं. मग एका गुरुवारी व्यंकटीची साक्ष ऐकता ऐकता त्यांनी हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "दारूनं मारलं. मानसानं न्हाई." त्या दिवसापासून शिव्या थांबल्या. पास्टर ही गोष्ट बाहेरगावी सांगत.

या साक्षीत एक चूक होती. लहानच, एका मान हलवण्याएवढी.

आठ वर्षांपूर्वी व्यंकटी पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं. "मी भावाचा हात मोडला," एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत होता. पास्टरनी खांद्यावर हात ठेवून मायेनं विचारलं, "प्यायला होतास ना भाऊ?" व्यंकटीनं मान हलवली. त्या काळात तो रोजच प्यायलेला असे, तेव्हाही होता, त्यामुळे मान हलवणं तसं अगदीच खोटं नव्हतं. पण विचारलं होतं मुखेडचं. मुखेडच्या त्या दिवशी व्यंकटीनं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. दारू त्यानं पहिल्यांदा तोंडाला लावली ती त्यानंतर नवव्या दिवशी, पंढरीच्या हाताचं प्लास्टर बघून आल्यावर. म्हणजे साक्षीतल्या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या. फक्त दोन गोष्टींची जागा बदलली होती.

ती परत बदलायची त्याला कधी संधीच मिळाली नाही, असं नाही. चारशे गुरुवार मिळाले. पण साक्ष सांगताना 'नशेत धुंद' हे शब्द आले की समोरच्या माणसांच्या माना खाली जायच्या, आणि त्या खाली गेलेल्या माना बघून व्यंकटीची जीभ पुढं सरकायची. नंतर खिचडीचा द्रोण तो शेजाऱ्याकडं सरकवायचा. वस्तीला वाटायचं, उपास करतो.

पंढरी आता लातूरला होता. व्यंकटी आठ वर्षांत सात वेळा त्याच्याकडं निघाला. नांदेडहून लातूरची एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. खिशात लातूरचं तिकीट असायचं, आणि व्यंकटी चाकूरला उतरायचा. स्टँडवर एक चहा प्यायचा, तिथल्या बाकावर तासभर बसायचा आणि समोरून येणाऱ्या नांदेडच्या गाडीत चढायचा. पाचव्या वेळी चहावाल्यानं चेहरा ओळखून विचारलं, "आज बी लातूर बंद हाय का मामा?" सहाव्या वेळी त्यानं काही विचारलं नाही, नुसता चहा दिला. ते जास्त लागलं.

यंदाच्या मे महिन्यात पास्टरनी लातूरला तीन दिवसांचा शांती महोत्सव घ्यायचं ठरवलं. दोन हजार पत्रकं छापून आली तेव्हा व्यंकटीनं वाचलं: रविवार, सकाळी अकरा, विशेष कार्यक्रम, दोन भावांची भेट (प्रत्यक्ष). व्यंकटीनं विचारलं, पंढरीला कोणी विचारलंय का. पास्टर म्हणाले, ते तू विचारणार आहेस. पास्टर लबाड माणूस नव्हते. ते टीबीच्या रोग्यांना पाठीवर घेऊन जिने चढले होते. पण जे व्हावंसं वाटतं ते आधी छापून टाकायचं आणि मग देवाला पत्रक दाखवायचं, ही त्यांची काम करायची पद्धत होती, आणि बहुतेक वेळा ती चालूनही जायची.

चाकूरची भानगड पास्टरना माहीत होती. म्हणून त्यांनी सोबत केवळाबाईंना दिलं. बाई खिडकीशी बसल्या नाहीत. वाटेकडच्या जागेवर बसल्या आणि व्यंकटीला आत कोंडलं. चाकूर आलं तसा व्यंकटी उठला. बाईंनी आपली पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. पिशवीत प्रार्थनागृहातल्या मंडळींकडून पंढरीच्या घरासाठी पाच किलो तांदूळ होते.

"बसा व्यंकटीभाऊ," त्या म्हणाल्या. "चहा लातुरात बी भेटतो."

पंढरी औसा रोडला गुरुलिंगअप्पांच्या मंगल कार्यालयात राखणदार होता. गेटशेजारच्या खोलीत नवरा-बायको राहत. लग्नसराईत त्या गेटातून दिवसाला दोन वराती आत यायच्या, आणि प्रत्येक वरातीपुढं कुणाचं तरी क्लार्नेट नाही तर डीजे वाजत यायचा. पंढरी गेट उघडायचा, वरात आत घ्यायचा, गेट लावायचा. ही नोकरी त्याला दहा वर्षांपूर्वी लागली तेव्हा लोक म्हणाले, नशीब काढलंस. व्यंकटीला हे आत्ता दारात उभं राहिल्यावर कळलं.

पंढरी खुर्चीत बसला होता. खाकी शर्ट, केस पांढरे झालेले. उजवा हात मांडीवर पालथा, बोटं सरळ, कुणी मोजायला ठेवल्यासारखी. त्यानं भावाला पाहिलं, ओळखलं आणि डाव्या हातानं आतली सतरंजी दाखवली. तेरा वर्षांनी झालेलं स्वागत म्हणून ते वाईट नव्हतं.

पंढरीची बायको सरजाबाई ज्वारी निवडत होती. व्यंकटी नात्यानं तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्याशी थेट बोलायची रीत नाही. तिनं पदर पुढं ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि केवळाबाईंना म्हणाली, "त्यांना म्हणावं, तेरा सालांनी आज कामून आठवण झाली?"

केवळाबाई वळल्या. "त्या म्हनतेत, तेरा सालांनी कामून आठवण झाली."

व्यंकटी तिच्यापासून दोन हातांवर बसला होता. सरजाबाईचं बोलणं त्याला आधीच ऐकू आलं होतं. त्यानं घसा खाकरला. काय बोलायचं ते त्यानं एसटीत ठरवलं होतं, पण ठरवलेलं सगळं गेलं आणि जे येत होतं तेच आलं. तो उठून उभा राहिला. "मी व्यंकटी. देगलूरचा," असं त्यानं आपल्या सख्ख्या भावाला सांगितलं.

पुढं सगळं आपोआप झालं. दारू लागली. डोळे आंधळे झाले. ज्या ठिकाणी हात वर जायचा त्या ठिकाणी हात वर गेला आणि खोलीच्या पत्र्याला लागला. फाळका आला तसा केवळाबाईंचा हात सवयीनं मिठासाठी हलला आणि परत मांडीत गेला. बाहेर कुणीतरी मांडवाचे खांब ठोकत होतं. व्यंकटी दवाखान्यातून गेला, फरशीवर झोपला, खिचडीच्या वासापाशी थांबला. कुणी हसलं नाही. तरी तो हसण्यापुरता थांबला होता. शेवटी तो म्हणाला, "पंढरी, मला माफ कर," आणि बसला.

पंढरी म्हणाला, "चांगलं सांगतोस अण्णा. मधी मधी थांबतोस ते लई चांगलं. तालात हाय सगळं."

"पंढरी..."

"किती जागी सांगितलं आतापत्तर?"

व्यंकटीनं सांगितलं.

"मंग एक इचारू का? त्या दिवशी तू पिला होतास?"

"हाव," व्यंकटी म्हणाला. सवयीनं.

"वरातीत मी पुढं, तू माझ्या पाठीमागं दोन हातांवर. अठरा वर्षं तुझा ताल माझ्या पाठीत वाजला. तू एक घोट घेतलेल्या माणसाशेजारी नुसता बसलास तरी मला पाठीत कळलं असतं." पंढरीचा आवाज चढला नव्हता, तो गेटवर गाड्यांचे नंबर सांगावेत तसं सांगत होता. "मुखेडात त्या दिवशी तुझी एक टिपरी हुकली न्हाई. लोक माझं ऐकत थांबले होते, अन् मी तुझं ऐकत थांबलो होतो. आयुष्यात तू इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतंस."

ज्वारी निवडायची थांबली.

"पिलेला असतास तर मी तुला दवाखान्यातच माफ करून सोडून दिलं असतं," पंढरी म्हणाला. "पिलेल्याला काय धरायचं. मी तेरा साल बसून राहिलो, हा येईल अन् सांगंल म्हणून. तू आलास, अन् दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगून राहिलास."

व्यंकटीनं सतरंजीकडं पाहिलं. तिच्यावर कुठल्याशा लग्नातल्या अक्षता अजून अडकलेल्या होत्या. चारशे गुरुवार ज्या जागेवरून जीभ पुढं सरकायची ती जागा आली, आणि आता समोर एकही मान खाली नव्हती.

"न्हाई," तो म्हणाला. "नव्हतो पिलो."

त्यानं भावाच्या हाताकडं पाहिलं.

"फाळक्याची खिट्टी मी आधीच काढून ठेवली होती. तुझा हात मला दिसला होता." त्याला श्वास घ्यावा लागला. "मी बघूनच लावला."

"ते मला ठाऊक हाय," पंढरी म्हणाला.

यावर व्यंकटीला रडू आलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदाच योग्य ठिकाण आलं होतं, आणि डोळे कोरडे. सरजाबाईनं भिंतीला सांगितलं की त्यांना पाणी द्यावं. केवळाबाईंनी दिलं नाही. त्या व्यंकटीकडं बघत होत्या. भंगाराच्या काट्यावर कुणी हातचलाखी केली की जसं बघायच्या तसं.

"माझा नवरा तरी पिलेला होता," त्या म्हणाल्या.

पाणी शेवटी सरजाबाईनंच आणलं आणि रीत मोडून स्वतः भासऱ्याच्या हातात दिलं.

व्यंकटीनं रविवारच्या महोत्सवाचं पत्रक पुढं ठेवलं आणि विचारलं, आता तरी माफ करशील का. पंढरी म्हणाला, "मला सांगून काय उपेग. मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. ज्यायला खोटं सांगितलंस त्यायला सांग. तिथं, मांडवात, सगळ्यांपुढं."

"मंग करशील?"

"मंगचं मंग बघू." आणि पंढरीनं हेही सांगितलं की रविवारी त्याला यायला जमणार नाही, बारा पस्तीसचा मुहूर्त आहे, गेटवर तो एकटाच, आणि दुसरा राखणदार गावी गेलाय. त्यानं तांदूळ मात्र ठेवून घेतले.

परतीच्या वाटेवर चाकूर आलं. केवळाबाईंनी पिशवी मांडीवर ठेवली नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. उतरायचं असलं तर त्यानं उतरावं, न उतरला तरी त्यांना काही नव्हतं. व्यंकटी उतरला नाही. लोह्याच्या पुढं बाई एकदाच बोलल्या, तेही त्याच्याशी नाही. म्हणाल्या, आता पोरीच्या कानाचं परत पहिल्यापासून बघावं लागंल.

पास्टरना सांगितलं तेव्हा ते प्रार्थनागृहाचा पंखा दुरुस्त करत स्टुलावर उभे होते. सगळं ऐकून ते खाली उतरले.

"थोडी तरी?" त्यांनी विचारलं. "सकाळी वगैरे?"

"एक घोट बी न्हाई."

पास्टर स्टुलावर बसले. महोत्सव व्यसनमुक्तीचा होता. बॅनरवर फुटलेल्या बाटलीचं चित्र होतं. लातूरच्या गरीब वस्त्यांमधून तीन दिवस रिक्षा फिरवून लोक गोळा केले होते, त्यांतल्या निम्म्या बाया नवऱ्यांना हाताला धरून आणणार होत्या, केवळ व्यंकटीला ऐकवायला. या माणसानं तिथं उभं राहून काय सांगायचं? की बाटली सोडली तरी आत काही उरतंच? त्यांनी आतापर्यंत शेकडो माणसांना 'प्यायला होतास ना?' असं विचारलं होतं, मायेनं, खांद्यावर हात ठेवून. त्यांतल्या किती जणांनी नुसती मान हलवली असेल, हे मोजायला सोपं नव्हतं.

"विचारलं मीच होतं," ते शेवटी म्हणाले.

व्यंकटी म्हणाला, मान मी हलवली होती. पंखा त्या दिवशी दुरुस्त झाला नाही.

रविवारी मांडवात चारशे माणसं होती. उन्हानं कापड तापून खाली वाफ धरली होती. पास्टरनी माइक दिला आणि नेहमीसारखी ओळख करून दिली नाही. नुसतं नाव सांगितलं. व्यंकटी उभा राहिला. समोर बाया बसल्या होत्या, शेजारी त्यांनी आणलेले नवरे. काहींच्या तोंडाला वास येत होता, आणि बाया आशेनं त्यांच्याकडं नाही, व्यंकटीकडं बघत होत्या.

त्यानं सांगितलं. साक्ष साडेतीन मिनिटांत संपली. दारू नसली की फार थोडं उरतं. भाऊ माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा. मला ते बघवत नव्हतं. हात दिसला. लावला. दारू नंतर आली, तिच्यावर मी आठ वर्षं आळ घेतला. एवढंच. हात वर गेला नाही, कुठं थांबायचं ते कळलं नाही. 'दोन भावांची भेट' वाचून आलेले लोक स्टेजवर दुसरा भाऊ शोधत राहिले. मागं एक बाई शेजारणीला विचारत होती, मंग दारू सोडून काय उपेग.

एरवी साक्ष झाली की तीस-चाळीस माणसं प्रार्थनेसाठी पुढं येत. पास्टरनी बोलावलं. कोणी उठलं नाही. पास्टरनी पुन्हा बोलावलं, आणि या वेळी ते स्वतःच स्टेजवरून खाली उतरून गुडघे टेकून बसले; लोकांना वाटलं, उन्हानं चक्कर आली. मग कडेच्या रांगेतून एक म्हातारा उठला. धोतर, टोपी, हातात काठी. तो पास्टरपाशी गेला नाही. तडक व्यंकटीपाशी आला, त्याच्या कानाला तोंड लावलं आणि हळू म्हणाला, "मी बी नव्हतो पिलो." एवढं बोलून तो आपल्या जागेवर जाऊन बसला. त्यानं काय केलं होतं, कुणाचं केलं होतं, ते व्यंकटीला कधीच कळलं नाही. पण तेवढ्यानंही त्याला खाली बसावं लागलं.

मांडवामागं केवळाबाईंचं पातेलं चढलं होतं. साक्ष लवकर संपल्यामुळे मीठ कधी टाकायचं ते बाईंना कळलं नाही, आणि त्या दिवशी चारशे माणसांनी कच्ची, अळणी खिचडी खाल्ली. व्यंकटी द्रोण न घेताच निघाला तसा त्यांनी हाक मारून थांबवलं. त्याला वाटलं, आता बोलतील. बाईंनी त्याच्या डोक्याला बांधायला आपला ओला पंचा दिला आणि म्हणाल्या, "ऊन हाय." परत केव्हा द्यायचा, ते सांगितलं नाही.

औसा रोडला रिक्षा वळली तेव्हा सव्वाबारा झाले होते. पंढरी गेटच्या मधोमध उभा होता, गळ्यात शिट्टी, डाव्या हातात काठी. आत सनई लावली होती, कॅसेटवरची. पाहुणे येत होते, गाड्या कुठं लावायच्या यावरून भांडत होते, आणि पंढरी त्यांना सरळ बोटांच्या हातानं दिशा दाखवत होता. त्या कामाला तो हात फार सोयीचा होता.

"सांगितलं," व्यंकटी म्हणाला.

पंढरीनं एका जीपला मागं घ्यायला लावलं. "सगळं?"

"सगळं. खिट्टीचं बी."

"किती लोक होते?"

"चारशे."

"काय म्हणले?"

"काहीच न्हाई म्हणले."

पंढरीनं भावाकडं पाहिलं. डोक्याला ओला पंचा, अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा तेरा वर्षं कुणीतरी चोळून धुतल्यासारखा. पंढरीच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली. क्लार्नेट तोंडाला लावण्याआधी व्हायची तशी. मग आतून गुरुलिंगअप्पांचा मुनीम ओरडला की नवरदेवाची गाडी निघालीय, पाच मिनिटांत पोचतेय, गेट मोकळं करा.

"बरं," पंढरी म्हणाला. "माफ केलं. आता बाजूला हो अण्णा, गाडी यायली."

व्यंकटी उभाच राहिला. हेच ऐकायला तो सात वेळा चाकूरपर्यंत आला होता. आपण कोसळू, निदान बसू तरी, असं त्याला वाटलं होतं. पण त्याचा पाय गेटच्या रुळात होता आणि मागून हॉर्न वाजत होते. तो बाजूला झाला. गेटाला दोन झापा होत्या, आणि दुसरी झाप वाऱ्यानं परत परत मिटत होती. पंढरीला एका हातानं एकच धरता येत होती. व्यंकटीनं जाऊन दुसरी धरली. लोखंड भाजत होतं. त्यानं डोक्याचा पंचा काढून झापेवर गुंडाळला आणि धरून उभा राहिला.

गेट सताड उघडं होतं आणि दोघं भाऊ दोन बाजूंना, रस्त्याकडं तोंड करून उभे होते.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. गाडी पावणेदोनला आली.